एकटे आणि एकाकी : एका सुटलेल्या रकान्याचा इतिहास

वृत्तपत्राच्या आतल्या पानावर अधूनमधून चार ओळींची एक बातमी येते. वय सत्तरच्या पुढे, राहणार अमुक पेठ किंवा तमुक सोसायटी, आणि शेवटी ठरलेले शब्द : आजारपणाला कंटाळून. पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली आहे, एवढे सांगून बातमी संपते. वाचणारा क्षणभर हळहळतो आणि शेजारच्याला विचारतो, 'घरात एकटेच राहत होते का?'

हा प्रश्न आपल्याला इतका स्वाभाविक वाटतो, की त्याचे उत्तर कोठेतरी लिहून ठेवलेले असणारच असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तसे नाही. देशातील अपघाती मृत्यू व आत्महत्या यांची आकडेवारी १९६७ पासून दरवर्षी एकत्र केली जाते. आज हे काम राष्ट्रीय गुन्हे नोंद केंद्राकडे आहे. या अहवालात मृताचे वय, लिंग, शिक्षण, व्यवसाय, वैवाहिक स्थिती आणि पोलिसांना दिसलेले कारण यांचे तक्ते असतात. मृत व्यक्ती कोणाबरोबर राहत होती, यासाठी मात्र त्यात रकानाच नाही. २०२२ च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातील होत्या, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. परंतु त्यांतले किती वृद्ध एकटे राहत होते आणि किती भरल्या घरात, हे त्या जाडजूड अहवालातून कळू शकत नाही.

विज्ञानाच्या इतिहासात उत्तरांच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात. या लेखात आपण एका प्रश्नाची कथा पाहू. वृद्ध माणूस कोणाबरोबर राहतो याचा त्याच्या जिवाच्या जोखमीशी काय संबंध आहे, हे शास्त्रज्ञांनी कधी विचारले, कसे विचारले, आणि विचारताना ते कोठे चुकले?

बोर्दो आणि पुणे

पुणेकरांना १८९७ हे साल प्लेगसाठी आणि रँडच्या वधासाठी आठवते. त्याच वर्षी फ्रान्समधील बोर्दो येथे समाजशास्त्र शिकवणाऱ्या एमिल दुर्खीम या प्राध्यापकाने आत्महत्येवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. आत्महत्या ही अत्यंत खाजगी कृती मानली जाते. पण एखाद्या देशातील तिचे प्रमाण वर्षानुवर्षे जवळपास स्थिर राहते आणि वेगवेगळ्या समाजगटांत वेगवेगळे असते, तेव्हा त्यामागे सामाजिक कारणे असली पाहिजेत, असे त्याचे प्रतिपादन होते.

हे दाखवण्यासाठी त्याला आकडे हवे होते, आणि हवे तसे आकडे तयार नव्हते. मग मार्सेल मॉस या त्याच्या भाच्याने न्याय खात्यातील सुमारे २६,००० प्रकरणांचे कागद पाहून त्यांची वर्गवारी केली. वय, लिंग, वैवाहिक स्थिती आणि मुले आहेत की नाहीत, असे चार रकाने त्याने आखले. यांतला चौथा रकाना नसता, तर ग्रंथातील एक महत्त्वाचा निष्कर्ष निघालाच नसता. अविवाहितांपेक्षा विवाहितांत आत्महत्येचे प्रमाण कमी होते, आणि मुलेबाळे असलेल्यांत ते आणखी कमी होते. भरलेले कुटुंब माणसाला धरून ठेवते, असा याचा अर्थ दुर्खीमने लावला.

मात्र त्याच तक्त्यांत एक खटकणारी गोष्टही होती. मूल नसलेल्या विवाहित फ्रेंच स्त्रियांत हे प्रमाण त्याच वयाच्या अविवाहित स्त्रियांपेक्षाही अधिक निघाले. म्हणजे एका छपराखाली राहिल्याने सर्वांनाच सारखे संरक्षण मिळते असे नव्हे. घरात त्या व्यक्तीचे स्थान काय, यावरही बरेच अवलंबून असते.

ही गोष्ट समजण्यासाठी त्या वेळच्या पुण्याला बोर्दोची गरज नव्हती. १८९० मध्ये पंडिता रमाबाईंचे शारदासदन मुंबईहून पुण्यास आले. १८९६ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी अनाथ बालिकाश्रम सुरू केला. या संस्थांत आलेल्या विधवांपैकी कितीतरी जणी भरल्या वाड्यांतून आलेल्या होत्या. घरात माणसांची उणीव नव्हती. उणीव होती ती त्यांना माणूस म्हणून मोजण्याची. जिला घर नाही ती एकटी, हे सर्वांना कळते. पण घर असूनही जी एकाकी आहे ती कोणत्याच मोजणीत येत नाही. मराठीत 'एकटा' आणि 'एकाकी' असे दोन वेगळे शब्द आहेत. शास्त्राला मात्र हा भेद मान्य करायला पुढे बराच काळ लागला.

एक चूल म्हणजे एक घर काय?

डेक्कन कॉलेजमध्ये काम करणाऱ्या इरावती कर्वे यांचा भारतातील नातेसंबंधांवरील ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. एकत्र कुटुंब कशाला म्हणावे हे सांगताना त्यांनी एक छप्पर, एक चूल, सामाईक मालमत्ता आणि सामाईक कुळाचार या गोष्टींवर भर दिला. आपली जनगणनाही कुटुंब ठरवताना चुलीचाच आधार घेते. एका स्वयंपाकघरातील अन्न खाणारी माणसे ती एका कुटुंबाची. व्याख्या म्हणून हे सोयीचे आहे. पण अन्न एका चुलीवर शिजले तरी पंगत एक असतेच असे नाही. सून कामावर गेल्यावर झाकून ठेवलेले ताट दुपारी एकट्याने उघडणारे आजोबा जनगणनेच्या दृष्टीने पाच माणसांच्या कुटुंबात राहतात.

तिकडे लंडनमध्ये पीटर सेन्सबरी या मनोविकारतज्ज्ञाने १९५५ मध्ये शहरातील निरनिराळ्या विभागांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या विभागांत एकेकटे राहणारे लोक जास्त, तेथे आत्महत्येचे प्रमाणही जास्त, असे त्याला दिसले. नुसत्या गरिबीशी मात्र तिचा तसा मेळ बसत नव्हता. या अभ्यासामुळे 'एकटे राहणे' हा जोखमीचा घटक म्हणून पाठ्यपुस्तकांत पक्का झाला.

येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. विभागांच्या सरासरीवरून व्यक्तीविषयी निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. याचे नामांकित उदाहरण डब्ल्यू. एस. रॉबिन्सन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९५० मध्ये दिले होते. अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेत ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक अधिक, तेथे साक्षरता अधिक दिसत होती. पण व्यक्तिशः पाहिले तर परदेशात जन्मलेल्यांत साक्षरता कमी होती. ते लोक अधिक साक्षर राज्यांत जाऊन स्थायिक झाले होते, एवढेच! त्याचप्रमाणे एकट्यांच्या वस्तीत आत्महत्या जास्त झाल्या, म्हणून एकटे राहणाऱ्यांनीच त्या केल्या, असे थेट म्हणता येत नाही. सेन्सबरीला याची जाणीव असावी, कारण त्याने मृत्यूंच्या चौकशीचे कागद काढून एकेका व्यक्तीची राहणीही तपासली, आणि तेथेही एकटे राहणाऱ्यांचा वाटा लोकसंख्येच्या मानाने मोठा निघाला.

अलीकडच्या मोठ्या अभ्यासांनी चित्र आणखी स्पष्ट केले आहे. ब्रिटनमध्ये मध्यम व उतारवयातील सुमारे पाच लाख लोकांच्या नोंदींवर आधारलेले एक संशोधन २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. एकट्या राहणाऱ्या पुरुषांत आत्महत्येची जोखीम जोडीदारासह राहणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट होती. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की जोडीदाराऐवजी इतर कोणाबरोबर राहणाऱ्या पुरुषांतही ती वाढलेलीच होती. स्त्रियांच्या बाबतीत राहणीशी असा स्पष्ट संबंध आढळला नाही. घरात किती डोकी आहेत, हे सर्वस्व नव्हे, असाच याचा अर्थ होतो.

शंभरातले अठ्ठ्याऐंशी

आता आपल्याकडे पाहू. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने इतर संस्थांच्या सहकार्याने २०१७-१८ मध्ये वृद्धत्वाविषयी देशभर मोठी पाहणी केली. ४५ वर्षांवरील सुमारे ७२,००० व्यक्तींना त्यात प्रश्न विचारले गेले. साठीच्या पुढच्या लोकांत एकटे राहणारे शंभरात सुमारे सहा निघाले. बाकीचे जोडीदार, मुले वा इतर नातलग यांच्याबरोबर राहत होते.

या सहाच्या आकड्यावरून वर्गात करून पाहण्याजोगे एक गणित मांडू. पुढील आकडे काल्पनिक आहेत, केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत. समजा, एका शहरात १,००,००० वृद्ध आहेत. त्यांतले ६,००० एकटे राहतात आणि ९४,००० कुटुंबात. काही काळात या वृद्धांत १०० आत्महत्या झाल्या. १२ एकट्यांमध्ये आणि ८८ कुटुंबात राहणाऱ्यांमध्ये.

एक वार्ताहर लिहील : शंभरातील अठ्ठ्याऐंशी वृद्ध कुटुंबात राहत होते, तेव्हा कुटुंबच धोक्याचे! हे चूक आहे. सहा हजारांत बारा म्हणजे लाखाला २००, आणि चौऱ्याण्णव हजारांत अठ्ठ्याऐंशी म्हणजे लाखाला सुमारे ९४. एकट्या व्यक्तीची जोखीम दुपटीहून थोडी अधिकच आहे.

दुसरा वार्ताहर म्हणेल : तर मग एकट्या वृद्धांची यादी करा, त्यांच्या दारावर रोज टकटक करा, प्रश्न सुटला. हेही पुरेसे नाही. टकटक करणे योग्यच. पण ही योजना शंभर टक्के यशस्वी झाली तरी शंभरातले बाराच जीव वाचतील. उरलेले अठ्ठ्याऐंशी अशा घरांत आहेत, जेथे आतून कोणीतरी दार उघडून सांगेल, 'आमच्याकडे सगळे ठीक आहे.'

एका व्यक्तीची जोखीम आणि एकूण मृत्यूंतील वाटा या दोन वेगळ्या राशी आहेत. बंद फ्लॅटमधील एकाकी म्हातारपणावर आपण हळहळतो, ते योग्यच आहे. पण केवळ तेवढ्यावरच लक्ष ठेवले, तर मोठा भाग आपल्या डोळ्यांआड राहतो.

नोंद कोण करतो?

हे सारे तपासायला विश्वासार्ह नोंदी हव्यात. संशयास्पद मृत्यूचा पंचनामा पोलीस करतात. दुःखात बुडालेले नातेवाईक जे सांगतील ते त्यात उतरते. आत्महत्येचा प्रयत्न हा भारतीय दंड संहितेनुसार दीर्घकाळ गुन्हा होता. त्यामुळे चौकशीची भीती आणि लोकलज्जा या दोहोंपायी खरे कारण दडवले जाई. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले आणि तिच्या उपचारांची जबाबदारी शासनावर टाकली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुने सरसकट कलम उरलेले नाही.

नोंदी किती अपुऱ्या असू शकतात, याची दोन उदाहरणे पुरेत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने तामिळनाडूतील कणियंबाडी या ग्रामीण भागात घरोघर चौकशी करून १९९४ ते १९९९ मधील मृत्यूंची कारणे ठरवली. आत्महत्येचे प्रमाण लाखाला सुमारे ९५ निघाले, म्हणजे सरकारी राष्ट्रीय सरासरीच्या कितीतरी पट. पंचावन्न वर्षांवरील लोकांत तर ते लाखाला १८९ होते. दुसरे उदाहरण देशपातळीवरचे. घरोघरच्या अशाच चौकशीवर आधारलेल्या आणि २०१२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अंदाजानुसार २०१० मध्ये भारतात १५ वर्षांवरील सुमारे १,८७,००० व्यक्तींनी आत्महत्या केल्या. पोलिसांकडील आकडा सुमारे १,३५,००० होता.

'आजारपणाला कंटाळून' या शब्दांकडेही आता नीट पाहता येईल. उतारवयातील नैराश्य अनेकदा दुःखाच्या रूपात प्रकट होत नाही. भूक लागत नाही, झोप येत नाही, अंग दुखते, पोटात कसेतरी होते, अशा तक्रारी असतात, आणि 'वय झाले' म्हणून घरचे व कधी डॉक्टरही त्या सोडून देतात. पण नैराश्य हा वयाचा अटळ भाग नव्हे. तो ओळखता येणारा आणि उपचारांनी बरा होऊ शकणारा आजार आहे. बातमीतील ते दोन शब्द मृत्यूला एकच, जणू समजण्यासारखे कारण चिकटवतात आणि पुढची चौकशी थांबवतात.

वाड्यातून फ्लॅटमध्ये

पुण्यातील राहणी गेल्या साठ-सत्तर वर्षांत झपाट्याने पालटली. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराने नदीकाठच्या पेठांतील असंख्य घरे नेली आणि अनेक कुटुंबे नव्या वसाहतींत गेली. पुढे वाडे पाडून इमारती झाल्या, कोथरूडसारखी उपनगरे वाढली, आणि शिकलेली मुले नोकरीसाठी परदेशी गेली. वाड्यात सामाईक नळ आणि चौक होता. एखाद्या आजी सकाळी ओट्यावर दिसल्या नाहीत, तर दुपारच्या आत कोणीतरी विचारपूस करी. हा वाड्याचा गुण खरा. पण त्याच वाड्याच्या माजघरात विधवेचे आयुष्य कसे जाई, हे आपण वर पाहिले आहे. तेव्हा गेलेल्या दिवसांविषयी उसासे टाकून आपले काम होणार नाही.

निराधार वृद्धांची सोय हाही पुण्यात नवा विषय नाही. नवी पेठेतील 'निवारा' या नावाने ओळखली जाणारी डेव्हिड ससून अनाथ पंगू गृह ही संस्था १८६० च्या दशकातली आहे. गोखले अर्थशास्त्र संस्थेतील लोकसंख्यातज्ज्ञ कुमुदिनी दांडेकर यांनी महाराष्ट्रातील वृद्धांची स्थिती अभ्यासून १९९६ मध्ये भारतातील वृद्धांवर पुस्तक लिहिले. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या लोकसंख्येपैकी जवळजवळ दहा टक्के लोक साठीच्या पुढचे होते. गल्लोगल्लीचे ज्येष्ठ नागरिक संघ आणि त्यांचा 'फेस्कॉम' हा राज्यव्यापी महासंघ ही या बदलाला समाजाने स्वतः शोधलेली उत्तरे होत. सकाळी बागेत जमणाऱ्या त्या मंडळींत एखादा सदस्य दोन दिवस आला नाही, की त्याच्या घरी फोन जातो. वाड्यातील चौकाचे जे काम होते, ते आता या बाकांवर होते.

फोनची घंटा

असा फोन खरोखर उपयोगी पडतो का? इटलीत याची परीक्षा झाली. उत्तर इटलीतील व्हेनेतो भागात वृद्धांसाठी एक दूरध्वनी सेवा सुरू झाली. प्रशिक्षित कर्मचारी त्यांना नियमितपणे फोन करून प्रकृती विचारत, आणि मदत हवी असल्यास वृद्धांना एका यंत्राची कळ दाबून केव्हाही ती मागता येई. डिएगो डी लिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ ते १९९८ या काळातील १८,६४१ वापरकर्त्यांचा हिशेब २००२ मध्ये मांडला. तेथील सर्वसाधारण प्रमाणानुसार त्यांच्यात सुमारे २१ आत्महत्या अपेक्षित होत्या. प्रत्यक्षात ६ झाल्या. हा परिणाम मुख्यतः स्त्रियांत दिसला. पुरुषांना बोलते करायला वेगळा मार्ग शोधावा लागेल, असा धडाही त्यातून मिळाला.

दुसरा प्रयोग जपानमधील निईगाता प्रांतातला. अनेक पिढ्या एकत्र राहण्याची रीत असलेल्या ग्रामीण जपानमध्येही वृद्धांच्या आत्महत्या पुष्कळ होत असत. मात्सुनोयामा या डोंगराळ, बर्फाळ गावात १९८६ पासून डॉक्टर आणि आरोग्यसेविकांनी वृद्धांतील नैराश्य शोधून त्यावर उपचार व पाठपुरावा सुरू केला. पुढील वर्षांत तेथील वृद्धांच्या आत्महत्यांचे प्रमाण आधीच्या एक तृतीयांशाहूनही खाली आले. घरातील माणसे वाढवून हे साधले नव्हते. असलेल्या घरात जाऊन कोणीतरी नीट विचारले होते.

पुण्यातही २००५ पासून 'कनेक्टिंग' ही संस्था खचलेल्या माणसांचे बोलणे ऐकून घेण्याचे काम करते. शासनाची 'टेली-मानस' (१४४१६) ही मानसिक आरोग्याची आणि 'एल्डरलाइन' (१४५६७) ही ज्येष्ठांसाठीची सेवा विनामूल्य आहे. शाळेच्या सूचनाफलकावर हे दोन क्रमांक लावायला काहीच खर्च येत नाही. 'मी आता तुम्हाला ओझे झालो', असे कोणी वारंवार म्हणू लागले, औषधे वा जेवण सोडले, जपून ठेवलेल्या वस्तू वाटू लागले, तर ते हसण्यावारी नेऊ नये. जीव नकोसा होतो का, असे सरळ आणि मायेने विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. आजवरच्या संशोधनाने ही भीती निराधार ठरवली आहे. उलट बोलायला वाट मिळते. असे काही जाणवले, तर त्या व्यक्तीला एकटे न ठेवता डॉक्टरांकडे न्यावे.

शिक्षकांसाठी शेवटी एक उपक्रम सुचवतो. आत्महत्येचा विषय न काढता नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांकडून एक साधा तक्ता भरून घ्या. घरातील किंवा शेजारच्या आजी-आजोबांचा एक दिवस, सकाळपासून रात्रीपर्यंत. रकाने तीन : त्यांच्याबरोबर जेवायला कोण बसले, त्यांना कोणी काय विचारले, आणि घरातले कोणते काम त्यांच्यावाचून अडते. नावे लिहायची नाहीत आणि तक्ते वर्गात वाचायचे नाहीत. काही मुलांचे तीनही रकाने रिकामे राहतील. त्या मुलांना दुसऱ्या दिवशी एवढेच सांगा, की आज तिन्हींपैकी एक रकाना तुम्ही स्वतः भरायचा आहे.